घरभर वायफाय: आधी जागा, मग वायर, मग राउटर

साताऱ्याहून मामांचा फोन आला. "अरे, दोनशेच्या स्पीडचा प्लॅन घेतलाय, तरी वरच्या खोलीत पोरीची मीटिंग सारखी तुटते. तीनशेचा घेऊ का?" मी म्हटलं, "मामा, थांबा. आत्ता पैसे भरू नका. मी रविवारी येतो."

ते घर मला माहीत आहे. पुढचा भाग आजोबांच्या वेळचा, काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंतींचा. मागचं बांधकाम नंतरचं, आरसीसीचं, आणि त्यावर दोन खोल्या. फायबरची तार पुढच्या खिडकीतून आत आली आणि लाईनमनने इंटरनेटचा डबा (राउटर त्यातच) तिथंच ठोकला: टीव्हीच्या शोकेसमागं, लोखंडी कपाटाला चिकटून. घरोघरी हेच होतं. डबा बसवून ज्याला पुढच्या घरी जायचंय तो सगळ्यात जवळचा प्लग पाहतो, आणि मग पुढची पाच वर्षं आपण प्लॅन वाढवत बसतो.

त्या रविवारी काय केलं, ते क्रमानं सांगतो. तुमचं घर वेगळं असेल, पण कामाचा क्रम हाच ठेवा.

आधी मोजा

कागदावर घराचा ओबडधोबड नकाशा काढा. खोल्या, भिंती, जिना, राउटर, लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा. मग मोबाइल घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक खोलीत दोन आकडे लिहा. एक स्पीड टेस्टचा, दुसरा सिग्नलचा.

सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि तो उणे आकड्यात दिसतो. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारची बरीच फुकट ॲप्स आहेत. आयफोनवर बाकीच्या ॲप्सना ही माहिती मिळत नाही, पण ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी ॲपमध्ये वायफाय स्कॅनर आहे. तो फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आधी चालू करावा लागतो. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखानं चालतो. उणे ७० च्या खाली कुरबुर सुरू होते आणि उणे ८० ला फोनवर वायफायची खूण दिसते, काम मात्र होत नाही. या मापात ३ डीबी कमी म्हणजे ताकद निम्मी, त्यामुळे ५० आणि ८० मधला फरक हजारपटीचा आहे.

मामांकडं राउटरजवळ १८५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि उणे ४२. वरच्या खोलीत ८ एमबीपीएस आणि उणे ८१. इंटरनेट घरापर्यंत नीट येत होतं. अडचण होती ती दिवाणखान्यातून वरच्या खोलीपर्यंत जाण्यात. तीनशेचा प्लॅन घेतला असता तरी वर ते आठच राहिले असते.

इथंच एक गोंधळ मिटवून टाकू. प्लॅनमधले २०० हे मेगाबिट असतात. फाइल उतरताना मेगाबाइट दिसतात, आणि ८ बिटांचा १ बाइट. म्हणजे दोनशेच्या प्लॅनवर सेकंदाला २५ मेगाबाइट दिसले तर तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय, कुणी फसवत नाहीये. गरज किती, तर साध्या व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस, फोर-के सिनेमाला १५ ते २५. पाच माणसांच्या घराला १०० सहसा पुरतात.

लहरी कुठं अडतात

घरगुती राउटर मुख्यतः दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची, ५ ची त्याच्या निम्म्याहून कमी. २.४ भिंतीतून बरी पार होते, पण तिथं गर्दी फार: शेजारपाजारची वायफाय, ब्लूटूथ, आणि २.४५ गिगाहर्ट्‌झवरच चालणारा मायक्रोवेव्ह ओव्हन. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान आणि मोकळी, पण भिंतीपुढं लवकर दमते.

सगळ्या भिंती सारख्या नसतात. प्लायवूडचं पार्टिशन जवळजवळ नसल्यासारखंच. साडेचार इंची विटेची भिंत थोडं खाते, नऊ इंची जास्त खाते. आरसीसीचा स्लॅब आणि त्यातल्या लोखंडी सळ्यांची जाळी बरंच अडवते. जुन्या वाड्याची दगडी भिंत म्हणजे तर विषयच संपला. लोखंडी कपाट आणि आरशामागचा मुलामा लहरी परतवतात, पाण्याची टाकी आणि माशांची काचपेटी त्या गिळतात. शिवाय लहर भिंतीतून तिरकी गेली तर तेवढीच भिंत तिच्यासाठी जाड होते. राउटर घराच्या एका कोपऱ्यात ठेवला की दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सगळ्या भिंती तिरक्याच लागतात.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक पट्टीचे लहान लहान भाग असतात, त्यांना चॅनल म्हणतात. एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, बाकीचे थांबतात. ज्याचा सिग्नल दुबळा, तो हळू बोलतो आणि तेवढ्याच मजकुराला कितीतरी जास्त वेळ घेतो. म्हणजे वरच्या खोलीतला धडपडणारा लॅपटॉप खाली राउटरशेजारी बसलेल्या टीव्हीचाही वेळ खातो. "आमच्या टीव्हीवरसुद्धा मध्येच अडकतं रे," मामी म्हणाल्या होत्या. कारण हे होतं.

राउटरची जागा

घराच्या मध्याजवळ, छातीच्या वर, उघड्यावर. एवढं जमलं तर साध्या टू-बीएचकेत बहुतेकांचं काम इथंच संपतं, पुढचा लेख नाही वाचला तरी चालेल. पॅसेजची भिंत उत्तम, कारण तिथून सगळ्या खोल्यांची दारं दिसतात. शोकेसच्या आत नको, टीव्हीच्या मागं नको, जमिनीवर तर अजिबात नको. "दिसायला बरं दिसत नाही" ही तक्रार प्रत्येक घरात येते. त्यावर माझ्याकडं उपाय नाही.

दांड्यासारखे अँटेना असतील तर लहर दांड्याच्या आजूबाजूला पसरते, टोकाच्या दिशेनं नाही. उभा दांडा त्याच मजल्याला चांगला. वर-खाली पोहोचायचं असेल तर एक दांडा आडवा करून पाहा.

फायबरचा डबा हलवायचा तर लाईनमनला सांगून तार वाढवून घ्या. ती काचेची असते. तिला चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान वळण देऊ नका, खिळे ठोकून आवळू नका. डब्यावर एलओएसचा (फायबरमधला सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा लुकलुकला तर तार कुठंतरी मुडपली आहे, सुटली आहे किंवा बाहेर तुटली आहे. सुटलेलं टोक डोळ्यासमोर धरून "उजेड येतोय का" असं बघू नका. तो लेसर डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

मामांचा डबा कपाटामागून काढून जिन्याच्या तोंडाशी आणला. वरच्या खोलीत उणे ८१ चे उणे ७२ झाले. सुधारणा झाली, पण मीटिंगपुरती नाही. म्हणजे वर दुसरा डबा हवा, आणि त्याला वायर हवी.

वायर टाका, कंटाळा करू नका

दुकानात लगेच रिपीटर पुढं करतात. भिंतीच्या प्लगात खुपसला की झालं. पण रिपीटर ऐकलेलंच पुन्हा बोलतो. एकाच पट्टीवर ऐकायचं आणि बोलायचं असेल तर वेग साधारण निम्मा होतो. बहुतेक लोक तो जिथं सिग्नल मरतो तिथंच लावतात, मग त्याला मुळात ऐकूच कमी येतं. लावायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर लावा. भाड्याच्या घरात, जिथं मालक भिंतीला खिळा मारू देत नाही, तिथं त्याहून मेश संच (एकत्र मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे) बरा. त्यातही तीन पट्ट्यांचा घेतला तर एक पट्टी डब्यांना आपसात बोलायला मोकळी राहते. पण स्वतःचं घर असेल तर वायरच. मेश घेतलं तरी त्याचे डबे वायरनं जोडा. पैसा वसूल तिथंच होतो.

नेटवर्कची (लॅन) केबल कॅट-६ दर्जाची घ्या. १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग आरामात मिळतो, घरात एवढी लांबी कुणाला लागतेय! ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे पाहा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबली स्वस्तात मिळतात. ब्लेडनं एक तार खरवडा. आत पांढरी निघाली तर परत करा.

विजेच्या तारांच्या पाइपातून लॅन केबल ओढू नका. ते धोक्याचंही आहे आणि सिग्नलही बिघडतो. जुन्या टीव्ही केबलचा किंवा टेलिफोनचा पाइप रिकामा असेल तर तो सोन्यासारखा. नाहीतर सरळ केसिंग पट्टी, जिन्याच्या कडेनं. गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून नेणार असाल तर बाहेरच्या वापराची केबल घ्या, साधी केबल उन्हानं तडकते. दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील, समजा घर आणि मळ्यातली खोली, तर तांब्याऐवजी फायबर टाका. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या लांब तारेतून झटका येतो आणि दोन्हीकडची यंत्रं जातात. काचेतून तो येत नाही.

टोकाला आरजे-४५ कनेक्टर क्रिंप करायचा, म्हणजे खास पकडीनं दाबून बसवायचा. कनेक्टरची चिमटी खाली, सोनेरी पट्ट्या आपल्याकडं. डावीकडून रंग असे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नका, तो पीळच बाहेरचा गोंगाट मारतो. तारा सरळ करून एका रेषेत कापा आणि कनेक्टरच्या शेवटच्या टोकापर्यंत ढकला.

हे "शेवटच्या टोकापर्यंत" मी शहाणपणानं सांगतोय, पण स्वतःच चुकलो. वर लॅपटॉप लावला तर स्पीड टेस्ट ९४ वर अडली. पुन्हा केली, पुन्हा ९४. मामा म्हणाले, "निम्मा गेला रे कुठं?" हा ९४ आकडा ओळखून ठेवा. कुठंही वायरवर ९४-९५ दिसले की समजायचं, जोडणी गिगाबिटऐवजी १०० वर आली आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. शंभरला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच पुरतात, त्यामुळे एखादी जोडी तुटली तरी काम चालू राहतं, फक्त हळू, आणि कुणाला शंका येत नाही. माझी तपकिरी तार केसभर मागं राहिली होती. टोक कापून पुन्हा क्रिंप केलं, १९० आले. लॅन टेस्टर सोबत नेला असता तर अर्धा तास वाचला असता. क्रिंप बरोबर असूनही ९४ च येत असतील, तर राउटरचं पोर्टच शंभरचं आहे का ते पाहा. स्वस्त राउटरवर वायफायचे आकडे हजाराच्या घरात छापतात आणि पोर्ट मात्र शंभरचं देतात.

वरचा डबा: जुना राउटर चालतो

मामांच्या माळ्यावर जुना ड्युअल बँड (दोन पट्ट्यांचा) राउटर पडून होता. तोच वापरला. जुना किंवा नवा, दुसरा राउटर राउटर म्हणून लावायचा नाही, ॲक्सेस पॉइंट, म्हणजे खालच्याच जाळ्याचं वायफाय वर देणारा डबा, म्हणून लावायचा. तसाच लावला तर तो आपलं वेगळं जाळं उभं करतो. मग वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर आपोआप सापडत नाही, खालच्या फोनला वरचं काहीच दिसत नाही, आणि कारण कळत नाही म्हणून माणूस वैतागतो.

सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा आणि केबल पुस्तिकेत सांगितलेल्या पोर्टात लावा. नसेल तर हातानं करायचं. जुना राउटर आधी फॅक्टरी रीसेट करा आणि लॅपटॉपला वायरनं जोडा. खालच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर वरच्याचा १९२.१६८.१.२ करा. तो पत्ता खालचा राउटर दुसऱ्या कुणाला वाटणार नाही, हे त्याच्या डीएचसीपीच्या (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) यादीत तपासा. मग वरच्याचं डीएचसीपी बंद करा. हा क्रम मोडू नका, डीएचसीपी आधी बंद केलंत तर सेटिंगच्या पानावर परत शिरताना नाकी नऊ येतील. शेवटी खालून आलेली केबल वरच्याच्या लॅन पोर्टात लावा. वॅन (बाहेरचं इंटरनेट) लिहिलेलं वेगळ्या रंगाचं पोर्ट रिकामं सोडा.

दोन्हीकडं वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवा, म्हणजे जिना चढताना फोन आपोआप वरच्यावर जातो. चॅनल मात्र वेगळे: २.४ साठी खालच्या डब्याला १, वरच्याला ६. ५ साठी खालच्याला ३६, वरच्याला १४९. काही फोन चिवट असतात, वर पोहोचले तरी खालच्यालाच धरून बसतात. अशा वेळी खालच्या राउटरची २.४ ची प्रसारणशक्ती एक पायरी कमी करा.

चॅनल, सोसायटीवाल्यांसाठी

मामांचं घर सुटं आहे, त्यांना शेजाऱ्यांच्या वायफायचा त्रास नाही. माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये उभं राहून स्कॅन केलं की तीसेक नावं दिसतात. तिथं २.४ वर १, ६, ११ हे तीनच चॅनल वापरा, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. ॲपमध्ये ३ नंबर रिकामा दिसतो म्हणून तो घेऊ नका. चॅनल एकमेकांवर चढलेले असतात. ३ वर बसलात तर १ वाले आणि ६ वाले दोघंही तुमच्या बोलण्यात आवाज करणार आणि तुम्ही त्यांच्या. १ वर बसलेल्यांबरोबर निदान पाळीपाळीनं बोलता येतं.

५ गिगाहर्ट्‌झवर रुंदी ८० ठेवा. ५२ ते १४४ हे चॅनल रडारसाठी राखून वापरायचे असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावा लागतो आणि वायफाय अचानक गायब होतं. असं वारंवार होत असेल तर ३६ किंवा १४९ वर या.

दिवे, प्लग, स्वस्त कॅमेरे ही स्मार्ट मंडळी बहुतेक २.४ च जाणतात. ती जोडताना अडली तर काही वेळ ५ बंद करा, जोडा, मग चालू करा.

कुलूप

२६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोहोचले. तिथल्या भाडेकरूचं वायफाय नीट सुरक्षित नव्हतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. मामा "आपल्याकडं कोण येतंय" म्हणाले तेव्हा ही गोष्ट सांगितली. लगेच चष्मा लावून बसले.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो डब्याखालच्या चिकटपट्टीवर असतो, किंवा फोनच्या वायफाय तपशिलात गेटवे म्हणून दिसतो. पहिलं काम, प्रशासकाचा पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो आणि पुष्कळ घरी कंपनीनं दिलेला तसाच राहतो. मग सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-३, किंवा जुने फोन असतील तर डब्ल्यूपीए-२ व ३ मिश्र. टीकेआयपी (कुलपाचा जुना प्रकार) दिसलं तर ते सोडून एईएस (नवा प्रकार) निवडा. टीकेआयपी कच्चं तर आहेच, शिवाय वेग ५४ वर आणून ठेवतं.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिननं जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालंय. बाहेरून राउटर उघडण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, तीही बंद. फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट असेल तर करून घ्या. वायफायचं नाव लपवण्यात अर्थ नाही, लपवलेलं नाव शोधायला मिनिटभर लागतं.

पासवर्ड लांब हवा, अवघड नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द आणि मध्ये आकडे घेतले की मामींनाही पाठ होतो. आडनाव आणि जन्मसाल मात्र नको. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा, आणि कॅमेरे-दिवेही त्यावरच टाका. तेवढ्यासाठी जुन्या राउटरवर अवलंबून राहू नका. हातानं ॲक्सेस पॉइंट केलेल्या डब्यावरचं गेस्ट नेटवर्क बऱ्याचदा नावालाच वेगळं असतं.

वीज गेली तर

इन्व्हर्टर असला तरी वीज जाताना क्षणभर झटका बसतो. पंख्याला तो कळत नाही, राउटर मात्र बंद पडून पुन्हा उठतो आणि त्यात दोन-तीन मिनिटं जातात. राउटरचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घ्या. घेताना ॲडॉप्टरवरचे आकडे वाचा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, बहुतेक १२ असतात, पण जुन्या राउटरला ९ सुद्धा असतात. एकाच यूपीएसवर दोन डबे लावले तर दोघांच्या ॲम्पिअरची बेरीज यूपीएसच्या आकड्यात बसली पाहिजे. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही लावा. एकटा राउटर जागा राहून उपयोग नाही.

संध्याकाळी नकाशा घेऊन पुन्हा फिरलो. वरच्या खोलीत उणे ४८ आणि १७०. गच्चीच्या दारात उणे ६३. फक्त आजोबांच्या दगडी माजघरात उणे ७४ राहिले, ते तसेच सोडले. तिथं मामा दुपारी झोपतात, आणि मामींच्या मते तिथं वायफाय नकोच.

दोन्ही डब्यांचे पत्ते, चॅनल, पासवर्ड आणि कुठली केबल कुठं जाते ते त्या नकाशाच्या मागं लिहून कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पुढच्या महिन्यात मामांनी प्लॅन दोनशेवरून शंभरवर आणला, आणि अजून कुणाला पत्ता लागलेला नाही.